माल उत्तम, गिऱ्हाईक समाधानी

ता. ६ फेब्रुवारी

श्रीमती विहीणबाईंना, बंदुका विकून पोट भरणाऱ्या व्याह्याचा आदरपूर्वक नमस्कार.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तुम्ही मला वाक्य पूर्ण करू देत नाही, आणि ही बातमी मला शेवटपर्यंत सांगायची आहे.

मुलांच्या लग्नात जेवणाच्या टेबलावर, चारचौघांत, तुम्ही म्हणाला होतात, "मुलगी सोन्यासारखी आहे, वडिलांच्या धंद्याकडे आम्ही काणाडोळा करू." तो घास अजून माझ्या घशात आहे. तर ऐका. तुमचे सख्खे धाकटे बंधू, आमच्या जावईबापूंचे मामा, मंगळवारी सकाळी माझ्या दुकानात आले आणि एक पिस्तूल विकत घेऊन गेले.

होय, तेच बंधू. जन्मभर वजनमापं खात्यात साहेब होते आणि ज्यांना बाजारातली पोरंसोरंसुद्धा 'तराजू' म्हणतात, ते. माझ्या चुलतभावाच्या दुकानातलं वजन उलटं करून, बुडाला नखाने टोकरून, "हे पोखरलेलं आहे" म्हणत ज्यांनी सगळी वजनं जप्त केली होती, ते. दुकानात त्यांचं पाऊल पडलं की दुकानदाराच्या कपाळावर घाम यायचा. माझ्याही आला, खोटं कशाला बोलू?

पण तासभर काचेच्या कपाटापुढे उभे राहिले, मी दाखवला तो नग घेतला, आणि एका शब्दानेही खोड काढली नाही. पावती तपासली नाही, भाव केला नाही. परवाना होता, डॉक्टरचा दाखला होता, सगळं कायद्याने. मी त्यांना नातेवाईक म्हणून चामड्याचं कव्हर फुकट दिलं.

ज्या माणसाला आयुष्यभर एकही दुकानदार प्रामाणिक सापडला नाही, त्याला शेवटी मी सापडलो. माझ्या दुकानाला याहून मोठं प्रशस्तिपत्र कोणतं? म्हणतो फ्रेम करून लावावं.

गुडघ्याची काळजी घ्या. जिभेची घ्यायला नको, ती ठणठणीत असणार.

आपला,
व्याही


ता. ९ फेब्रुवारी

व्याहीबुवांस नमस्कार.

पत्र पोचलं. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून खुर्चीला खिळले आहे, त्यामुळे करमणुकीची गरज होतीच. मुलं दोघंही तिकडे परदेशात, इथे माझी मदतनीस बाई आणि मी. तुमचं पत्र तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "या काकांना बक्षीस मिळालंय का?"

तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल अभिनंदन. फ्रेम जरूर करा, पण काच जाड घ्या. मी तीस वर्षं औषधाचं दुकान चालवलं. विष मीही विकलं, पण बाटलीवर तसं लिहून. आणि झोपेच्या गोळ्या मागणाऱ्याच्या हातातल्या चिठ्ठीच्या आधी मी त्याच्या तोंडाकडे पाहायचे. कितीतरी गिऱ्हाइकं चिडून समोरच्या दुकानात गेली. तुमच्याकडे असलं काही नसतं हे माहीत आहे. तुमच्याकडे फक्त खिशाकडे पाहतात.

पण मला एक कळत नाही. आमचा धाकटा आणि पिस्तूल? घरात उंदीर निघाला तर हा पिंजरा लावतो आणि सकाळी उंदराला बागेत नेऊन सोडतो. सोडताना त्याला 'जा बाबा' म्हणतो. तो कोणावर पिस्तूल रोखणार?

आधी वाटलं, तुम्ही नेहमीसारखी थाप मारताय. मग त्याला फोन केला. म्हणाला, "हो ताई, घेतलं." मी म्हटलं, कशाला? म्हणाला, "असू दे." मी म्हटलं, मूर्ख आहेस. म्हणाला, "हो ताई."

हे 'हो ताई' गेले दोन महिने चाललंय. साठ वर्षांत या माणसाने माझं एक ऐकलं नाही. मी पूर्व म्हटलं की हा होकायंत्र आणायचा. भावजय गेली तेव्हापासून हळूहळू वाद कमी झाले, आणि हल्ली तर मी काहीही म्हणावं, हा 'हो'. मला वाटलं, चला, उशिरा का होईना शहाणपण आलं.

आता तुमचं पत्र पुन्हा वाचतेय. तासभर उभा राहिला म्हणता. खोड काढली नाही म्हणता. व्याहीबुवा, विनोद बाजूला ठेवा. तो काय काय बोलला, कसा दिसत होता, सगळं लिहा. तुम्ही जे विकलंत ते खरोखर निर्दोष होतं का, तेही लिहा. जमेल तर खरं.

विहीण


ता. १३ फेब्रुवारी

विहीणबाईंना नमस्कार.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. भाऊ तुमचा, परवाना सरकारचा, दाखला डॉक्टरचा, आणि उलटतपासणी माझी! मी दुकानदार आहे, मनकवडा नाही. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत बसलो तर काउंटरवर कोळिष्टकं धरतील.

तरी विचारलंत म्हणून सांगतो.

कपडे इस्त्रीचे, दाढी गुळगुळीत. माझ्यापेक्षा नीटनेटके दिसत होते. दुकानातल्या पोरांनी चार वेळा चहा विचारला, त्यांनी चारही वेळा घेतला. मी माझं नेहमीचं सुरू केलं, की साहेब, दिवस वाईट आहेत, एकट्या माणसाने सावध असावं, परवाच अमुक गल्लीत चोर शिरले. (शिरले नव्हते. पण कुठेतरी शिरलेच असणार.) तर म्हणाले, "माझ्याकडे येऊन चोर काय नेणार? न्यायचं ते गेलं." मला वाटलं, भाव पाडायची ही नवी तऱ्हा असेल.

आता नगाबद्दल. 'खरं' मागितलंत, तर घ्या. तो नग कपाटातला होता. तीन वर्षं काचेत पडून होता, गिऱ्हाइकांना दाखवून दाखवून मुठीचं पॉलिश एका जागी गेलं होतं. मी तो 'कालच आलेला माल' म्हणून दिला. यात काय मोठं? धंद्यात सगळे करतात. पॉलिश गेलेली जागा मी अंगठ्याखाली धरून दाखवत होतो. तुमच्या बंधूंनी माझा अंगठा हळूच बाजूला सारला, ती जागा पाहिली, अंगठा परत होता तिथे ठेवला आणि म्हणाले, "ठीक आहे."

बोला! खुद्द तराजूसाहेबांनी पाहून पसंत केलेला माल. मग फसवणूक कसली?

नंतर मी साफसफाईचं सामान दाखवलं, तेल, ब्रश, फडकं. आमचा खरा नफा त्यातच असतो. ते म्हणाले, "ते लागणार नाही." मी म्हटलं, साहेब, न पुसता ठेवलं तर वर्षभरात गंज चढेल. तर हसले. चांगलं मनापासून हसले. उगाच तुम्ही घाबरताय.

हे लिहिताना मात्र ते हसणं मला जरा

असो. दुकानात गर्दी आहे.

व्याही


ता. १५ फेब्रुवारी

व्याहीबुवा,

काल दुकानात तीनदा फोन केला. तुमची पोरं म्हणतात, साहेब गिऱ्हाइकात आहेत. म्हणून हे पत्र सकाळच्या बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतेय. तो ते तुमच्याच हातात देईल, मी त्याला तशी शपथ घातली आहे.

ज्याने जन्मभर दुकानदारांच्या मुसक्या बांधल्या, त्याने तुमची लबाडी डोळ्यांनी पाहिली आणि ठीक आहे म्हणाला. तुम्हाला ते प्रशस्तिपत्र वाटलं. अहो, त्याला मालाचं काही पडलंच नव्हतं. आणि वर्षभर टिकायला नको असलेली वस्तू माणूस कशासाठी घेतो, हे मी लिहिणार नाही. तुम्ही मूर्ख नाही, फक्त दुकानदार आहात.

मी आज त्याच्या शेजारणीला फोन केला. म्हणाली, तुमचे भाऊ किती चांगले, त्यांनी आपल्या सगळ्या कुंड्या मला देऊन टाकल्या. तिला तिथेच जाऊन बसायला सांगितलंय, साखर मागायच्या निमित्ताने. ती बिचारी किती साखर मागणार?

मला चालता येत नाही. पोरं सात समुद्रापलीकडे. तुमच्या गावाहून त्याचं घर दोन तासांवर आहे. तुम्ही विकलंय, तुम्हीच परत आणा. वाट्टेल ते सांगा. थापा मारायला तुम्हाला शिकवायला नको.

विहीण


ता. १६ फेब्रुवारी
(तुमच्या बंधूंच्या घरून)

विहीणबाई,

पहिलं वाक्य हेच लिहितो: ते ठीक आहेत. बाजूच्या खोलीत झोपले आहेत, घोरताहेत. वस्तू माझ्या पिशवीत आहे आणि पिशवी माझ्या मांडीवर आहे.

तुमचा ड्रायव्हर दुकानात आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाला तीच चोरांची गोष्ट सांगत होतो. पत्र उभ्यानेच वाचलं. गिऱ्हाइकाला म्हटलं, "नंतर या." पोरं तोंडाकडे बघायला लागली, हा शब्द त्यांनी माझ्या तोंडून कधी ऐकला नव्हता. टॅक्सीत बसलो आणि वाटेत थाप रचली. कंपनीचं पत्र आलंय, त्या खेपेचा माल सदोष निघाला, परत घेताहेत. विचार करा, आयुष्यभर खराब मालाला चांगला म्हटलं, आणि आता चांगल्या मालाला खराब म्हणायचं होतं. जीभ वळेना.

दार त्यांनीच उघडलं. आत शेजारीण बसलेली, हातात साखरेची तिसरी वाटी. मला पाहून ती उठली आणि जाताना माझ्या कानाशी पुटपुटली, "आता चहा घशाखाली उतरत नाही, इतका प्यायलाय."

घर इतकं आवरलेलं की भीती वाटावी. टेबलावर चाव्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीला चिठ्ठी बांधलेली. मी खाली बसलो आणि कंपनीची गोष्ट सुरू केली. ते शांतपणे ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "दोष कशात आहे?"

मी म्हटलं, "खटक्यात."

"खटका उत्तम आहे. मी तपासलाय. खोट मुठीत आहे, तीन वर्षांची. त्या दिवशी तुम्ही ती झाकलीत. मग खोटं केव्हा बोललात, तेव्हा की आत्ता?"

मला घाम फुटला. म्हटलं, "दोन्ही वेळा."

"वा," ते म्हणाले. "एवढं खरं बोलणारा दुकानदार मला नोकरीत भेटला नाही."

विहीणबाई, मी असल्या बाबतीत अगदी अडाणी आहे. शेवटी जे तोंडात आलं ते विचारलं, "साहेब, ते तुम्ही स्वतःसाठीच घेतलंत ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "तुमच्या दुकानात मी तासभर उभा होतो. चार वेळा चहा विचारलात. कपाटातली एकेक वस्तू दाखवलीत. कव्हर कुठल्या रंगाचं हवं, तेही विचारलंत. कशासाठी हवंय, एवढं एक विचारलं नाहीत. मी मनात ठरवलं होतं, कोणी विचारलं तर उत्तर देताना मला लाज वाटेल आणि मी घरी जाईन."

चाळीस वर्षांत मी गिऱ्हाइकाला हे कधी विचारलं नाही, कारण उत्तर आलं तर विक्री मोडेल. हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. माझ्या सासऱ्यांनी शिकवला, मी पोरांना शिकवला.

म्हटलं, "आता विचारतो. कशासाठी?"

ते रडले. मग आत गेले. मी पण मागोमाग गेलो, अगदी दारात उभा राहिलो. त्यांनी तुमच्या भावजयीच्या शालींच्या कप्प्यातून पिशवी काढली आणि माझ्या हातात दिली. म्हणाले, "ताईने पाठवलं ना?" मी म्हटलं, "ताईने ढकललं." मग एक जण हसला आणि दुसरा त्याचं बघून हसला. कोण आधी हसलं ते आता आठवत नाही.

मी आज इथेच राहतोय. उद्याही. रात्रीसाठी मी अंडी उकडली, ती फुटली. तुमचे बंधू काही बोलले नाहीत, निमूट खाल्ली. अजून बरे नाहीत, हे मला त्यावरूनच कळलं.

व्याही


ता. २० फेब्रुवारी

व्याहीबुवांस,

पहिलं वाक्य पहिल्यांदा लिहिण्याची अक्कल तुम्हाला आली, याबद्दल आभार. ते वाक्य मी मदतनीस बाईकडून मोठ्याने वाचून घेतलं, मग मी वाचलं, मग पुन्हा तिच्याकडून.

आता ऐका. माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरांचा पत्ता सोबत आहे. मनाचे डॉक्टर. माझ्या दुकानातून त्यांच्याच चिठ्ठ्या यायच्या, माणूस भला आहे, कमी गोळ्या देतो आणि जास्त ऐकतो. धाकट्याला तिथे घेऊन जा. तो नको म्हणेल. म्हणाला तर उत्तमच, म्हणजे सुधारतोय. तरी न्याच.

पिस्तूल तुमच्या तिजोरीत ठेवा आणि त्याने मागितलं तरी देऊ नका. कायदा दाखवेल. दाखवू दे.

तुम्ही चार दिवस दुकान टाकून तिथे राहिलात हे लेकीला कळवलं आहे. ती फोनवर म्हणाली, "माझे बाबा? दुकान टाकून?" आणि तिला रडू आलं. मीही तिला साथ दिली. पण याने हुरळून जाऊ नका. आग लावणाराच पाण्याची बादली घेऊन धावला, तर लोक त्याचा सत्कार करत नाहीत. फार तर त्याच्या घरची बादली चांगली आहे म्हणतात.

बादली चांगली आहे, व्याहीबुवा.

दुकानाचं काय करणार आहात?

विहीण


ता. ३० मे

विहीणबाईंना नमस्कार.

मध्यंतरी फोनवरच भागत होतं, कारण हल्ली तुम्ही मला वाक्य पूर्ण करू देता. पण आजची हकीकत कागदावरच हवी.

दुकानाचं विचारलं होतंत. काउंटरच्या अलीकडे दोन खुर्च्या टाकल्या आहेत. आलेल्या माणसाला बसवायचं आणि विचारायचं, कशासाठी हवंय, घरी कोण कोण असतं. पोरं कुरकुरतात. समोरच्या दुकानदाराने मला पेढीवर बसवलेला साधू असं नाव ठेवलंय आणि माझी निम्मी गिऱ्हाइकं पळवलीत. माझा मोठा सेल्समन मागे एकदा म्हणाला, "साहेब, आपण बंदुका विकतो की लोकांची लग्नं जुळवतो?" त्याला मी काढणार होतो, पण त्यानेच दुसऱ्या दिवशी एका बाईंना नवऱ्याबद्दल इतक्या हळू आवाजात विचारलं, आणि बायकांना मदत करणाऱ्या एका संस्थेला फोन लावून दिला, की मी गप्प बसलो.

आता मुद्दा. एप्रिलमध्ये तुमचे बंधू माझ्याकडे पिस्तूल परत मागायला आले होते. मी दिलं नाही. ते म्हणाले, हा माझा माल आहे, तुम्ही तो बेकायदा अडवून धरलाय. मी म्हटलं, खुशाल धरलाय. ते म्हणाले, तक्रार करीन. मी म्हटलं, करा. तरातरा निघून गेले. त्या रात्री मला झोप नाही. दुसऱ्या दिवशी तुमच्या त्या मनाच्या डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले, भांडताहेत ना? भांडू द्या.

आणि विहीणबाई, त्यांनी खरंच ग्राहक मंचाकडे तक्रार केली! पण अडवून धरल्याची नाही. माझ्यावर आरोप असा, की तीन वर्षं काचेत पडलेला माल नवा म्हणून विकला, दोष अंगठ्याने झाकला, आणि विक्री वाढवण्यासाठी चोरीच्या खोट्या बातम्या सांगितल्या. भली मोठी तक्रार, त्यांच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात, मुद्द्यामागून मुद्दा. एका ठिकाणी माझ्या पावतीवरचं व्याकरणसुद्धा सुधारलं होतं. नोटीस हातात पडली तेव्हा मी दुकानात लॉटरी लागल्यासारखा नाचलो. पोरांना वाटलं, साहेबांच्या डोक्यावर परिणाम झाला.

काल सुनावणी होती. सकाळी फोन आला, "तुम्ही टॅक्सीने जाणार ना? मला वाटेत घ्या. बसमध्ये गर्दी असते." म्हणजे आरोपीने फिर्यादीला घरून उचलून नेलं. वाटेत त्यांनी मला माझ्या बचावातल्या तीन चुका समजावून सांगितल्या.

लांबलचक खोली, भिंतीला लागून बाकं, वर करकरणारा पंखा. अधिकारी तरुण होता. त्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, कारण आम्ही एकाच बाकावर बसलो होतो आणि त्यांचा चष्मा माझ्या खिशात होता. त्याने विचारलं, "तुम्ही एकमेकांना ओळखता का?"

तुमचे बंधू उभे राहिले. म्हणाले, "हो साहेब. माझे नातेवाईक आहेत, चांगला माणूस आहे. त्यामुळे दंड कमी करू नका."

मी आरोप कबूल केले, सगळे. दंड झाला, आणि महिनाभर दुकानाच्या दारावर निकालाचा कागद लावायचा हुकूम. तुम्हाला फ्रेमची आठवण येईल, म्हणून मीच सांगतो, फ्रेम करणार नाही. नुसता डिंकाने चिकटवला आहे.

बाहेर आलो तर ते पायऱ्यांवर थांबले. मला वाटलं, दमले. शेजारी बसलो. त्यांचा चेहरा सकाळपासून कसा तजेलदार होता, तो एकदम उतरला. म्हणाले, "जिंकलेली प्रत्येक केस मी घरी जाऊन हिला सांगायचो. कोट न काढता. ती स्वयंपाकघरातून म्हणायची, पहिल्यापासून सांगा. आता कोणाला सांगू?"

मी म्हटलं, "मला सांगा."

"तुम्ही तर तिथेच होतात."

"तरी सांगा. पहिल्यापासून."

लोक आमच्या बाजूने वर-खाली करत होते. मग त्यांनी कोटाचं बटण लावलं, घसा साफ केला आणि म्हणाले, "तर झालं असं, की एक अट्टल लबाड दुकानदार होता."

मी मान डोलावली आणि ऐकत राहिलो.

आपला,
व्याही